शिक्षकाविरुद्ध तक्रार करायची असेल तर: खासगी शाळेतील चौकशीची वाट

डॉक्टरांच्या वर्तणुकीबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे जाता येते आणि वकिलांबद्दल बार कौन्सिलकडे. शिक्षकांचे नाव नोंदवून घेणारी आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास ते पटावरून काढणारी अशी परिषद आपल्याकडे नाही. त्यामुळे खासगी शाळेतील शिक्षकाची चौकशी त्याला नेमणारी संस्थाच करते, आणि ती कशी करायची हे महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ व त्याखालील १९८१ची नियमावली ठरवते. जिल्हा परिषदेच्या शाळांना १९६४चे शिस्त व अपील नियम लागू आहेत आणि तिथली तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर जाते. पुढचे सारे खासगी शाळांपुरते आहे.

एक गोष्ट मात्र सर्वांत आधी वेगळी काढली पाहिजे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, किंवा तशी साधार शंका आली, तर संस्थेच्या चौकशीची वाट पाहू नये. थेट पोलीस ठाणे गाठावे किंवा १०९८ या क्रमांकावर फोन करावा. पॉक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे ही माहिती पोलिसांना देणे शाळेवरही बंधनकारक आहे. "आधी आम्ही आमच्या पातळीवर खात्री करून घेतो" असे मुख्याध्यापक म्हणाले, तर ते ऐकून घरी परतू नका. फौजदारी गुन्हा आणि संस्थेची चौकशी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

मारहाण, अपमानास्पद बोलणे, सततची गैरहजेरी, पैशांची मागणी अशा तक्रारी चौकशीच्या वाटेने जातात, आणि त्यांचे भवितव्य बहुधा पहिल्या अर्जावरच ठरते. "सर मुलांना नेहमी मारतात, त्यांच्यावर कडक कारवाई व्हावी" या वाक्यातून दोषारोप तयार करता येत नाही. त्याऐवजी असे लिहा: "अमुक तारखेला, वार मंगळवार, चौथ्या तासाला, सातवी ब च्या वर्गात, गृहपाठाची वही आणली नाही म्हणून सरांनी माझ्या मुलाच्या डाव्या हातावर लाकडी पट्टीने तीन वेळा मारले, शेजारच्या बाकावरील दोन मुलांनी ते पाहिले, त्याच संध्याकाळी डॉक्टरांना दाखवले, कागद सोबत जोडला आहे." स्वतः पाहिलेले आणि मुलाकडून ऐकलेले यांतला फरक अर्जात स्पष्ट ठेवावा. शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम १७ने मनाई केली आहे, तेव्हा त्या कलमाचा उल्लेख जरूर करावा. शिक्षेची मागणी मात्र करू नये, कारण ते ठरवणे आपले काम नाही.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, आणि तक्रार मुख्याध्यापकांविरुद्धच असेल तर संस्थेच्या अध्यक्षांच्या नावे द्यावा. शाळेच्या कार्यालयात आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि दुसरी प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवावी. तोंडी तक्रार, मग ती कितीही खरी असो, चौकशीच्या फायलीत येत नाही.

यापुढे संस्थेचे काम सुरू होते. मोठी शिक्षा देण्याजोगे प्रकरण असेल तर आरोपांचे निवेदन रजिस्टर एडीने शिक्षकाकडे जाते आणि त्याला सात दिवसांत खुलासा द्यायचा असतो. खुलासा समाधानकारक न वाटल्यास तो पंधरा दिवसांत व्यवस्थापनापुढे ठेवला जातो, आणि चौकशी करायची की नाही हे व्यवस्थापन पुढच्या पंधरा दिवसांत ठरवते. चौकशी समिती तिघांची असते: व्यवस्थापनाचा एक सदस्य, शिक्षकाने स्वतः सुचवलेला कोणत्याही खासगी शाळेतील एक कर्मचारी, आणि राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून निवडलेला एक शिक्षक. शिक्षकाला निलंबित केले तरी सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय तो काळ चार महिन्यांपलीकडे नेता येत नाही. चौकशी साधारणपणे १२० दिवसांत संपवायची असते.

अशाच एका समितीवर मी शिक्षकाने सुचवलेला सदस्य म्हणून बसलो होतो. ग्रंथालयाच्या खोलीत, लांब टेबलाच्या एका टोकाला तक्रारदार आई आणि दुसऱ्या टोकाला शिक्षक. पहिलाच प्रश्न आला, "नक्की कोणत्या दिवशी?" आईंनी तारीख सांगितली, आणि समोर उघडलेल्या हजेरीपटात त्या दिवशी शिक्षक निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेल्याची नोंद निघाली. घटना बहुधा आदल्या दिवशीची होती, पण अर्ज दोन महिन्यांनी आठवून लिहिलेला होता, आणि तो आरोप तिथेच गळून पडला. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. घटना घडली त्याच रात्री वहीच्या पानावर चार ओळी लिहून ठेवा, असे मी प्रत्येक पालकाला सांगतो ते यामुळेच. निर्दोष शिक्षकाच्या दृष्टीनेही हीच काटेकोरपणाची अट त्याचा खरा आधार असते.

साक्षी-उलटतपासणी संपल्यावर चार दिवसांत कामकाजाचा गोषवारा शिक्षकाकडे जातो, त्यावर म्हणणे मांडायला त्याला पुन्हा सात दिवस मिळतात, आणि नंतर समिती निष्कर्ष व निर्णय व्यवस्थापनाला कळवते. ताकीद, ठपका, एक वर्षापर्यंत वेतनवाढ रोखणे आणि नुकसानीची वसुली या किरकोळ शिक्षा आहेत. पदावनती व सेवासमाप्ती या मोठ्या.

मोठी शिक्षा झालेला शिक्षक कलम ९प्रमाणे तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करू शकतो. तिथे वाद शिक्षक आणि व्यवस्थापन यांच्यात असतो, तक्रारदार पालक त्यात पक्षकार नसतो. समिती चुकीच्या रीतीने नेमली, किंवा शिक्षकाला साक्षीदार तपासू दिले नाहीत, एवढ्यावरूनही शिक्षेचा आदेश रद्द होऊ शकतो, मग मूळ आरोप खरा का असेना. म्हणून समिती नेमली गेली की तिच्यातील तिन्ही सदस्य नियमाप्रमाणे आहेत का, हे शिक्षणाधिकारी कार्यालयाला लेखी विचारावे, आणि अनुदानित शाळा असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून तक्रार कुठवर आली ते जाणून घ्यावे. अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्क्याची प्रत, डॉक्टरांचा कागद आणि वहीचे ते पान मुळात जपून ठेवावे.