एका ठशात अख्खं रान: रबरी शिक्के आणि शाईने डायरीत निसर्गचित्र

रबरी ठशांनी मी केलेलं पहिलं निसर्गचित्र म्हणजे एका ओळीत उभी असलेली नऊ झाडं. नऊही तितकीच काळी आणि तितकीच ठाम. तलाठ्याने सात-बाराच्या उताऱ्यावर शिक्के मारावेत तसं ते पान दिसत होतं. ठसा चांगला होता, शाई चांगली होती, कागदही बरा होता. चूक एवढीच, की दर झाडाला मी ठशावर नव्याने शाई घेत होते.

आता हे करून बघा. शाई एकदाच लावा आणि तोच ठसा लागोपाठ तीनदा उमटवा. पहिलं झाड गडद येतं, दुसरं फिकं आणि तिसरं धुक्यात शिरल्यासारखं. जवळचं गडद, लांबचं फिकं. सह्याद्रीतल्या कुठल्याही घाटात उभं राहिलं की डोंगरांच्या रांगा अशाच एकीमागे एक विरत जाताना दिसतात. ठशांच्या चित्रात अंतर दाखवायचा याहून सोपा उपाय मला सापडलेला नाही.

उदाहरणाला भंडारदरा घेऊ. मे संपत आलाय, सांज उतरलीय, समोर प्रवरेवरच्या धरणाचं पाणी, पलीकडे रतनगड आणि काठावरच्या झाडांत काजवे.

सामान

कागद गुळगुळीत आणि जाड हवा, निदान २०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा). जलरंगाच्या खरबरीत कागदावर ठसा तुटक उमटतो. डायरीचे कागद पातळ असतील तर वेगळ्या जाड कागदावर चित्र करून चिकटवा. मी बहुतेकदा तेच करते, कारण पान बिघडलं तर डायरी फाडावी लागत नाही.

ठसे तीनच पुरतात: एक झाड, एक गवताचा झुबका, एक कौलारू घर. तयार मिळतात, पण शाळेतल्या मोठ्या खोडरबरावर स्वतः कोरलेल्या झाडाची मजा वेगळी. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने झाड काढा, कागद उलटा करून खोडरबरावर दाबा आणि नखाने घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं, म्हणजे छाप सुलटा येतो. मग रेषेबाहेरचा भाग लिनो कोरायच्या हत्याराने किंवा कटरने काढून टाका. कोरता येत नसेल तर शिक्के बनवून देणाऱ्या दुकानात काळ्या रेषेतलं चित्र द्या. कचेरीचे शिक्के बनवतात तसंच ते झाडही बनवून देतात.

शाईत मात्र घाई करू नका, कारण बहुतेक पानं तिथेच बिघडतात. डाय शाई कागदात लगेच मुरते आणि पटकन वाळते, पण उन्हात उडते. पिगमेंट शाई दाट असते, रंग टिकतो, वाळायला मात्र वेळ घेते. मुंबई-कोकणातल्या जुलैत तर पान रात्रभर उघडं ठेवावं लागतं. ‘डिस्ट्रेस’ नावाने मिळतात तशा शाया पाण्याचा थेंब पडला की पसरतात. आभाळ आणि पाण्यासाठी तो गुण आहे, पण रेषांसाठी दोष. म्हणून घर आणि झाड उमटवायला वाळल्यावर पाण्याला दाद न देणारी काळी शाई घ्या आणि पार्श्वभूमीला पसरणाऱ्या रंगीत शाया वापरा. कचेरीतला जांभळा स्टॅम्प पॅड या कामाला घेऊ नका. ती शाई फुटते, आणि वर ओला ब्रश फिरला की सगळं पान जांभळं होतं.

याशिवाय मेकअपचे स्पंज (दर रंगाला वेगळा), चिकट नोट्सचं पॅड, कागदी टेप, ओएचपीची (प्रोजेक्टरसाठी वापरतात ती पारदर्शक) प्लॅस्टिक शीट आणि पांढरा जेल पेन लागेल.

आधी पुढचं

चित्र रंगवताना आपण आधी आभाळ करतो आणि मग पुढे येतो. ठशांत बाह्यरेषेच्या चित्रांना उलटा क्रम लागतो. आपलं घर आतून कोरं आहे. आभाळ आधी केलं तर कौलांतून आभाळच दिसणार. म्हणून घर आधी पानावर उमटवा. मग तेच घर चिकट नोटवर, चिकट कडेच्या जवळ उमटवा आणि कापून पानावरच्या घरावर अचूक बसवा. कापताना रेषेच्या किंचित आतून कापा. कापलेला तुकडा मोठा राहिला तर घराभोवती पांढरी कड उरते, आणि ती नंतर कशानेही जात नाही.

काळं भरीव झाड मात्र शेवटी ठेवा. गडद शाई फिक्या रंगावर बसतेच, तिला झाकायची गरज नाही.

आभाळ, डोंगर, पाणी

पानाच्या खालून एक तृतीयांश उंचीवर कागदी टेप आडवी लावा. ही पाण्याची रेघ. टेप आधी कपड्यावर एकदोनदा चिकटवून काढा, नाहीतर निघताना कागदाचा पापुद्रा सोबत नेईल.

आभाळाला सगळ्यात फिका रंग आधी. स्पंज पॅडवर टेकवा, पण थेट पानावर नेऊ नका. बाजूच्या रद्दी कागदावर गोल फिरवायला सुरुवात करा आणि तसंच फिरवत पानावर या. थेट टेकवलात तर पहिल्या स्पर्शाचा गोल डाग कायमचा राहतो. टेपेलगत पिवळा, त्यावर केशरी, मग गुलाबी, सगळ्यात वर जांभळट निळा. पिवळा आणि जांभळा शेजारी येऊ देऊ नका. दोघे मिसळले की शेणकाल्याचा रंग होतो. मधली केशरी-गुलाबी पट्टी त्यासाठीच आहे.

डोंगरांसाठी साधा कागद हाताने आडवा फाडा. वरचा तुकडा आभाळावर ठेवा, म्हणजे फाटलेली कड डोंगराची धार होईल. निळी शाई कडेवरून खाली ओढा आणि खाली येता येता हात हलका करा. धार ठसठशीत, पायथा विरलेला: धुकं आपोआप तयार होतं. पहिली रांग अगदी फिकी. कागद थोडा खाली सरकवून दुसरी किंचित गडद, मग तिसरी. रतनगड ओळखू यावा असं वाटत असेल तर त्या रांगेचा कागद फाडू नका, कात्रीने कापा आणि गडाशेजारचा खुट्टा सुळका त्यात आणा. गडावरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, दाखवायचा मोह मलाही झाला होता. एवढ्याशा पानावर ते शाईतून राहिलेल्या ठिपक्यासारखं दिसलं. सोडून द्या.

टेप सावकाश काढा. खाली आभाळाचेच रंग उलट्या क्रमाने द्या, फक्त हात आडवा फिरवा. मेअखेरीस धरणाचं पाणी उतरलेलं असतं, म्हणून डोंगर आणि पाणी यांच्या मधे मातकट तपकिरी रंगाची बारीक पट्टी ओढा. अशा बारकाव्याने पान कुठल्याही तळ्याचं न राहता त्या तळ्याचं होतं.

झाडं आणि त्यांची पडछाया

चिकट नोट काढा, घर मोकळं करा. आता सुरुवातीचा तीन छापांचा खेळ. पहिला गडद छाप पुढच्या काठावर, दुसरा पाठीमागे जरा वर, तिसरा पलीकडच्या तपकिरी पट्टीजवळ. लांबचं झाड खरं तर लहानही हवं. ठसा लहान होत नाही, म्हणून तिसऱ्या छापाला खोड येणारी जागा चिकट नोटेच्या कागदाने झाका आणि फक्त शेंडा उमटू द्या. ठसा सरळ खाली दाबा, डोलवू नका. पानाखाली माऊसपॅड किंवा वर्तमानपत्राची घडी असली की छाप सगळीकडे सारखा बसतो.

पाण्यातल्या पडछायेची युक्ती मला सगळ्यात आवडते. झाडाचा ठसा ओएचपी शीटच्या खालच्या कडेलगत सुलटा उमटवा. शीटची खालची कड पानावरच्या झाडाच्या बुंध्याशी लावा आणि पुस्तकाचं पान उलटावं तशी शीट खाली पाण्यावर पालथी पाडा. बोटाने घासा आणि उचला. झाड उलटं उतरतं, डावी फांदी डावीकडेच राहते आणि छाप आपसूक फिका येतो. नुसता ठसा डोक्यावर फिरवून मारला तर फांद्या चुकीच्या बाजूला जातात. डाय शाई प्लॅस्टिकवर थेंबाथेंबाने गोळा होते, त्यामुळे इथे पिगमेंट शाई बरी. छाप वाळला की ओल्या ब्रशच्या दोन आडव्या रेघा ओढा. खालचे रंग पसरतील आणि पाणी हललेलं दिसेल.

खालच्या कडेला गवताचे झुबके द्या, अर्धे पानाबाहेर जाऊ देत. काजव्यांसाठी पांढऱ्या जेल पेनचे ठिपके, ते वाळल्यावर त्यांवर पिवळा. एकाच झाडावर दाटीने द्या, कारण काजवे एखादं झाड धरून लखलखतात. पानभर शिंपडले तर तारे वाटतात.

चुकून अंगठ्याचा डाग पडलाच तर त्याच्या दोन्ही बाजूंना पेनाने एकेक पंख काढा. माझ्या डायरीत बगळे फार आहेत.

लिहायला जागा धुक्याच्या पट्ट्यात मिळते, तिथे रंग सगळ्यात फिका असतो. मी कोपऱ्यात कचेरीचा फिरत्या आकड्यांचा तारखेचा शिक्का मारते. मग ठसे ओल्या फडक्याने पुसायचे, स्पिरिटने नाही, कारण रबर कडक होतं. शाईचे पॅड पालथे ठेवायचे, म्हणजे पुढच्या खेपेला शाई वरच्या थरात तयार असते.