तक्ता एआयकडून घ्या, पाठ मात्र ट्रेनरला दाखवा

चॅटबॉटला नुसतं ‘पोट कमी करायचंय, व्यायाम सांग’ असं विचारलं, तर आठवड्याचे पाच-सहा दिवस भरगच्च भरलेला तक्ता मिळतो. त्यात तुमचा गुडघा नसतो, तुमची गोळी नसते आणि तुमच्या जिममध्ये वजनाच्या कोणत्या प्लेट आहेत तेही नसतं. म्हणून आधी हे सगळं सांगा. उदाहरणार्थ असं:

‘वय 42, उंची 168 सेंमी, वजन 74 किलो. जिम पहिल्यांदाच. आठवड्यातून 3 दिवस, प्रत्येकी 50 मिनिटं. 20 किलोचा बार, 2.5 ते 15 किलोच्या प्लेट, 5 ते 20 किलोचे डंबेल, केबल मशीन. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो. बीपीसाठी ॲटेनोलॉल चालू आहे, व्यायामाला डॉक्टरांची परवानगी आहे. 4 आठवड्यांचा तक्ता दे. माहिती अपुरी वाटली तर आधी मला प्रश्न विचार.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर चॅटबॉट उरलेली माहिती स्वतःच गृहीत धरतो. नाव किंवा नाव असलेले रिपोर्ट मात्र त्यात टाकू नका.

प्लेटचा तपशील क्षुल्लक वाटेल, पण बऱ्याच तक्त्यांचं गाडं तिथेच अडतं. ‘दर आठवड्याला 2.5 किलो वाढवा’ असं लिहिलेलं असतं आणि त्यासाठी दोन्ही बाजूंना 1.25 किलोची प्लेट लागते. जिममधली सगळ्यात लहान प्लेट 2.5 किलोची असेल तर उडी थेट 5 किलोची होते, म्हणजे 40 किलोवर साडेबारा टक्के. अशा वेळी चॅटबॉटला आधी रेप्स, म्हणजे एका हालचालीच्या आवृत्त्या, वाढवायला सांगा: तिन्ही सेटमध्ये (सेट म्हणजे न थांबता केलेल्या रेप्सचा गट) 8 वरून 12 रेप्सपर्यंत या, मग 5 किलो वाढवून पुन्हा 8 वर जा.

औषधाचंही तसंच. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी औषधं नाडी फारशी वाढू देत नाहीत. त्यामुळे ‘220 वजा वय’ ही कमाल नाडी धरून दिलेलं नाडीचं लक्ष्य अशा माणसाला लागू होत नाही. कार्डिओ करताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवा. घड्याळात दिसणाऱ्या कॅलरींवर जेवण ठरवू नका. स्टॅनफर्डच्या 2017 मधल्या चाचणीत सात मनगटी उपकरणांपैकी सर्वात अचूक उपकरणाचाही कॅलरींचा अंदाज सरासरी 27 टक्क्यांनी चुकला होता.

तक्ता आला की एक गोष्ट तपासा: बसणं-उठणं, कमरेतून वाकणं, ढकलणं आणि ओढणं या चारही हालचाली आठवड्यात दोनदा तरी येतात का? नवशिक्याला प्रत्येकीचे 2-3 सेट पुरतात. आणखी 2-3 रेप्स निघतील असं वाटेल तिथे सेट थांबवा.

आता मोबाइल कॅमेऱ्याने फॉर्म, म्हणजे व्यायाम करण्याची पद्धत, तपासणारी ॲप. मोबाइल कमरेच्या उंचीवर, अडीच-तीन मीटर लांब ठेवा. डेडलिफ्टसाठी (वाकून जमिनीवरचा बार उचलणं) बाजूने, गुडघे आत वळतात का हे बघण्यासाठी समोरून. पावलं फ्रेममध्ये हवीत, मागे आरसा नको. ढगळ टी-शर्टने सांध्यांचा अंदाज चुकतो.

इतकं करूनही एक मोठी उणीव राहते. कॅमेऱ्यातून शरीराची ठेवण ओळखणारं गुगलच्या मीडियापाइपमधलं मॉडेल शरीरावर 33 बिंदू शोधतं, पण खांद्यानंतर थेट नितंबाचा सांधा येतो. मधल्या पाठीवर एकही बिंदू नाही. त्यामुळे अशा बिंदूंवर चालणाऱ्या ॲपला डेडलिफ्टमध्ये ताठ पाठ आणि गोल झालेली पाठ यांतला फरक नीट कळत नाही. रेप्स ते मोजेल, पण वजन वाढल्यावर कंबर गोल झाली तरी शाबासकी देऊ शकेल. बाजूला उभा असलेला ट्रेनर हे पहिल्याच रेपला पाहतो.

कारण शोधण्याचं कामही त्याचंच. स्क्वॉटमध्ये, म्हणजे गुडघे वाकवून खाली बसून उठताना, टाचा उचलल्या जात असतील तर ॲप ‘टाचा खाली ठेवा’ म्हणेल, पण मूळ बहुधा घोट्याच्या ताठपणात असतं. भिंतीपासून अंगठा 10 सेंमीवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून बघा. लागत नसेल तर ट्रेनर टाचांखाली पातळ प्लेट देईल किंवा बॉक्सवर बसून स्क्वॉट करायला लावेल. त्याऐवजी जबरदस्तीने खाली गेलं तर भार कमरेवर येतो.

म्हणून पहिली तीन-चार सत्रं प्रत्यक्ष ट्रेनरसमोर करा, पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी एक. जाताना नोंद न्या: वजन, रेप्स, किती रेप्स शिल्लक वाटल्या, झोप, 0 ते 10 मध्ये दुखणं. चॅटबॉटला ‘पाच दिवस कर’ म्हटलं की तो बहुतेक वेळा लगेच करून देतो. जाणता ट्रेनर तुमची झोप बघून नकार देतो, आणि त्याच्या फीमधला मोलाचा भाग तोच आहे. सगळ्यांना एकच तक्ता वाटणारा, पहिल्याच दिवशी प्रोटीन पावडरचा डबा पुढे करणारा ट्रेनर मात्र बदला.

ट्रेनरने केलेले बदल आणि चार आठवड्यांची नोंद पुढचा तक्ता मागताना चॅटबॉटला पुन्हा द्या. नव्या संभाषणात जुनं त्याला आठवेलच असं नाही. दुखणं 3 च्या वर गेलं किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत सांध्यात राहिलं तर वजन कमी करा आणि ट्रेनरला दाखवा. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर असं काही झालं तर चॅटबॉटला विचारत बसू नका. व्यायाम थांबवा आणि 108 ला फोन लावा.