चिलटांचा बंदोबस्त: या चुका टाळा

आंब्याची पेटी घरात आली की मागोमाग चिलटं येतात आणि पाऊस सुरू झाला की मुक्कामच ठोकतात. त्यांच्यावरचे उपाय सगळ्यांना तोंडपाठ असतात, तरी दर वर्षी तीच तक्रार: "सगळं करून झालं, जात नाहीत." करून काय झालं हे विचारलं की त्याच त्या चुका समोर येतात.

उडणाऱ्या चिलटांच्या मागे लागणं

सगळ्यात मोठी चूक हीच. दिसतंय ते मारायचं, मच्छरांची रॅकेट फिरवायची, संध्याकाळी कापूर लावायचा, सापळा मांडायचा. ही चिलटं जन्माला कुठे येताहेत, हे मात्र कोणी बघत नाही. एक मादी तिच्या आयुष्यात काहीशे अंडी घालते. आंबणारं, ओलसर काहीतरी घरात शिल्लक आहे तोवर तुम्ही कितीही मारलीत तरी उद्या सकाळी नवी हजर.

डोंबिवलीला माझ्या मावशीकडे असंच चाललं होतं. मावशी स्वच्छतेची भोक्ती. दिवसातून दोनदा ओटा घासायची, फळं फ्रिजमध्ये, कचऱ्याचा डबा रोज धुतलेला. तरी चहाच्या कपावर चिलटं. शेजारणीनं सांगितलं म्हणून लवंगा खोचलेलं लिंबू ठेवलं, कोणी सांगितलं म्हणून फवारा मारला. मी गेले तेव्हा तिला म्हटलं, आज रात्रीपासून काही पुसू नकोस, आणि सकाळी दूध तापवायच्याही आधी आपण दोघी नुसत्या बघू. उजाडण्याआधी अंधारात चिलटं सुस्त असतात, जिथे बसलेली असतात तिथेच बसून राहतात. टॉर्च मारला तर ओट्यावर जेमतेम चार-दोन, पण कांद्याबटाट्याच्या ट्रॉलीच्या कडेला ओळीनं बसलेली. ट्रॉली नुसती पुढे ओढून काही दिसेना. चॅनलवरून उचलून पूर्ण बाहेर काढली, तेव्हा मागे भिंतीशी घरंगळलेला एक बटाटा सापडला. साल तेवढी उरली होती, आतलं सगळं काळं पाणी होऊन फरशीला चिकटलेलं, त्यात पांढऱ्या अळ्या. चॅनलच्या पत्र्यावर कणीएवढे तपकिरी कोष डकवल्यासारखे. मावशीचा चेहरा पडला. तिला म्हटलं, तुझ्या स्वच्छतेचा दोष नाही, बटाटा गेला तिथे फडकं पोचतच नाही.

म्हणून माझा नियम: सापळा नंतर, शोध आधी. कांद्या-लसणाच्या टोपलीचा तळ, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग, ओलं पोतेरं, भंगारात द्यायला ठेवलेल्या कोल्ड्रिंकच्या न विसळलेल्या बाटल्या. आणि देवघर. नैवेद्याचं केळं आणि पिशवीत साठवलेलं निर्माल्य यांच्याकडे कोणी संशयानं बघत नाही, पण चिलटांना श्रद्धेशी देणंघेणं नसतं.

तिसऱ्या दिवशी हात टेकणं

बटाटा काढला, जागा घासली, आणि तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन: "अगं, अजून आहेतच की!" असणारच. पंचवीस अंशांच्या आसपास तापमान असलं तर अंड्यापासून उडणारं चिलट व्हायला साधारण दहा दिवस लागतात. अंडं दिवसभरात फुटतं, मग चार-पाच दिवस अळी, तितकेच दिवस कोष. तुम्ही आज मूळ काढलंत तरी कुठे फटीत राहिलेले कोष पुढच्या आठवड्यात उघडणारच. ही नवी चिलटं दोनेक दिवसांत स्वतः अंडी घालायच्या बेतात येतात. त्यांना घरात ओलं काही मिळू द्यायचं नाही, एवढंच तेव्हा आपल्या हातात असतं. दोन आठवडे शिस्त पाळावीच लागते. ज्यांना रात्रीतून निकाल हवा असतो ते चौथ्या दिवशी उपाय बदलतात, पाचव्या दिवशी कंटाळतात आणि सहाव्या दिवशी पुन्हा केळी उघडी ठेवतात. एका रात्रीत चिलटं गायब करायचे उपाय सांगणाऱ्यांवर माझा मुळीच विश्वास नाही.

बाटलीत केळं घालून विसरून जाणं

बरणीत केळ्याचा तुकडा, तोंडाला कागदाचा नरसाळा. सापळा म्हणून चालतो, पण दोन-तीन दिवसच. थॉमस हंट मॉर्गन यांना १९३३ साली आनुवंशिकतेवरच्या ज्या कामासाठी नोबेल मिळालं, ते याच माशीवर झालं. त्यांच्या प्रयोगशाळेत माशा वाढवायला काय होतं? दुधाच्या बाटल्या आणि कुस्करलेली केळी. तीच मांडणी ओट्यावर आठवडाभर ठेवलीत तर माशांची पैदासच होणार.

मी केळं घालतच नाही. काचेच्या ग्लासात दोन बोटं ॲपल सायडर व्हिनेगर आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. थेंब हवाच, त्यानं पाण्यावरचा ताण मोडतो आणि चिलट बुडतं. तो नसेल तर वर बसून, पिऊन निघून जातं. पण लिक्विडची धारही नको, व्हिनेगरचा वास त्याच्या लिंबाच्या वासाखाली दबतो. चायनीजसाठी आणलेलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर वापरून "सापळा चालत नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात. चिलटांना आंबलेल्या फळाचा वास लागतो, नुसता आंबट नाही. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी या माशीच्या घ्राणशक्तीवर १९७०च्या दशकात मोलाचं काम केलं. इतक्या तिखट नाकाच्या जिवाला फसवायचं तर वास खरा हवा. दर दोन दिवसांनी ग्लास बदला.

मोरीत ॲसिड ओतणं

कृपा करून नको. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू निघतो आणि तो जीवघेणा आहे. उकळतं पाणी प्लॅस्टिकच्या पाइपला सोसत नाही. जाळी काढून लांब दांड्याच्या ब्रशनं आतला बुळबुळीत थर खरवडा. कष्टाचं काम आहे, पण तो थर नुसतं काही ओतून जात नाही.

फवारा. जिथे पोळ्या लाटता तिथे कीटकनाशक मारू नका.

डबा रिकामा करून न धुणं. घंटागाडीत कचरा गेला, पण झाकणाच्या आतल्या कडेचा चिकटा तसाच राहतो. मी डबा धुऊन, उन्हात वाळवून मगच पिशवी घालते.

आंबे न बघता ठेवणं. पेंढ्यात घातलेले आंबे रोज हातानं चाचपा. देठाशी चिरलेला किंवा रस सुटलेला एकच आंबा पुरतो. तो त्याच दिवशी खा नाहीतर रस काढा.

बागेतला सापळा घरात टांगणं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा आंब्याच्या बागेत चांगलं काम करतो. त्यातल्या मिथाइल युजेनॉल या वासाच्या रसायनाकडे फळमाशीचे नर ओढले जातात. आंबा कापल्यावर आत अळ्या सापडतात त्या या फळमाशीच्या, ती वेगळी आणि मोठी. घरातल्या चिलटांना त्या रसायनाचं आकर्षण नाही.

आणि शोध घेतला, दोन आठवडे शिस्त पाळली, तरी माश्या कमी होत नसतील तर ती बहुधा चिलटं नाहीतच. एक पकडून नीट बघा. चिलट पिवळसर तपकिरी असतं, डोळे बहुतेक लाल. करडी, केसाळ, इवल्या पतंगासारखी असेल तर ती मोरीतली. खात्री करायला रात्री मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी चिकट बाजू खाली करून लावा, दोन्ही बाजूंनी थोडी हवा जाईल अशी. सकाळी तिला खालून माश्या चिकटलेल्या असतील तर ब्रश घ्या. काळी, लांब पायांची आणि कुंडीभोवती घुटमळणारी असेल तर झाडांना पाणी जास्त होतंय. वरची माती दोन इंच कोरडी होईपर्यंत पाणी घालू नका.