ऑफेन्स कोच व्हायचंय? आधी हॅशचा रकाना नीट भरा

अमेरिकन फुटबॉलमधलं फर्स्ट डाउन म्हणजे काय, कव्हर-टू म्हणजे काय, हे इथे सांगत बसणार नाही. इकडे अमेरिकेत वाढलेली मराठी मुलं शनिवार-रविवार टीव्हीसमोर बसून ते आपोआप शिकतात. मीही तसाच शिकलो. तेराव्या वर्षी आई-बाबांबरोबर नाशिकहून ओहायोत आलो. शाळेच्या संघात खेळायला अंगात ना उंची ना वजन, म्हणून पाण्याच्या बाटल्या भरायचं आणि चेंडू पुसायचं काम मागून घेतलं. आज त्याच राज्यातल्या एका छोट्या कॉलेजात ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे चढाई करणाऱ्या बाजूची पुढची फळी, शिकवतो. मधली वर्षं कशात गेली ते आईला अजून नीट कळलेलं नाही. "अरे, पण तू नक्की करतोस काय?" हे ती दर दिवाळीला फोनवर विचारते. फोनवरच, कारण गणपती येतात तेव्हा हंगाम सुरू होतो आणि दिवाळी ऐन हंगामात येते. मंडळाचा गणपती मी शेवटचा कधी पाहिला ते आठवत नाही. हे चालणार नसेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

पहिली भीती सगळ्यांची एकच असते: मी खेळलोच नाही, तर कोच कसा होणार? होता येतं. पुढे टेक्सस टेक विद्यापीठाचा हेड कोच झालेला माइक लीच कॉलेजात फुटबॉल खेळला नव्हता. ब्रिगम यंग विद्यापीठात तो रग्बी खेळायचा, मग पेपरडाइनमधून वकिलीची पदवी घेतली आणि ती गुंडाळून ठेवून कोचिंगमध्ये शिरला. हॅल ममी आणि तो आयोवा वेस्लियन या चिमुकल्या कॉलेजात जे पासिंग शिकवत होते त्यातूनच 'एअर रेड' ही पासवर भर देणारी पद्धत उभी राहिली, आणि आज तिचे तुकडे एनएफएलपर्यंत, म्हणजे व्यावसायिक लीगपर्यंत, सगळीकडे सापडतात. मात्र ही गोष्ट लोक अर्धीच सांगतात. वकिलीची पदवी १९८६ ची आणि टेक्सस टेकचं हेड कोचपद २००० च्या हंगामाचं. मधल्या चौदा वर्षांत कुणी नाव न ऐकलेली कॉलेजं आली, फिनलंडमधला एक हंगामही आला.

दुसरी गोष्ट शॉन मॅकव्हेची. २०१७ मध्ये तिसाव्या वर्षी एनएफएलच्या रॅम्स संघाचा हेड कोच, आधुनिक एनएफएलमधला सगळ्यात तरुण. मला भेटणारा प्रत्येक दुसरा मुलगा हे उदाहरण देतो. पोरगा हुशार आहे, मेहनतीही आहे, वाद नाही. पण त्याचे आजोबा जॉन मॅकव्हे नामवंत कोच बिल वॉल्शच्या काळात फोर्टीनाइनर्स संघाच्या व्यवस्थापनात वरच्या खुर्चीवर होते. तुमचे आजोबा कुठे होते? माझे एसटीत होते.

पायऱ्या थोडक्यात सांगतो. पदवी करताना स्टुडंट असिस्टंट, म्हणजे फुकट. मग ग्रॅज्युएट असिस्टंट, इथले सगळे 'जीए' म्हणतात. मास्टर्सची फी माफ आणि वर हातखर्च. मला वर्षाला नऊ हजार डॉलर मिळायचे आणि मी तिघांबरोबर एका तळघरात राहायचो. मोठ्या कॉलेजांत पुढे क्वालिटी कंट्रोल किंवा अ‍ॅनालिस्ट ही पायरी असते. २०२४ पर्यंत या लोकांना मैदानावर खेळाडूंना शिकवायची मुभा नव्हती, आता वरच्या थरात ती मिळाली आहे. त्यानंतर एका जागेचा, म्हणजे लाइन किंवा क्वार्टरबॅक अशा एकाच गटाचा, कोच, आणि सगळ्यात शेवटी, नशीब आणि पाठीचा कणा टिकला तर, प्ले कॉल करणारा, म्हणजे प्रत्येक डाव ठरवून सांगणारा, कोऑर्डिनेटर.

जीएचं काम काय? हमाली. पुढच्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याचे चार सामने घ्यायचे आणि प्रत्येक स्नॅपसाठी, म्हणजे सुरू झालेल्या प्रत्येक डावासाठी, तक्ता भरायचा: डाउन (कितवा प्रयत्न), अंतर, हॅश (चेंडू मैदानावरच्या दोन खुणांच्या ओळींपैकी कुठल्या ओळीवर), फॉर्मेशन, मोशन, समोरचा फ्रंट, कव्हरेज (पास अडवायची मांडणी), ब्लिट्झ (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर जादा माणूस धाडणं). शिवाय सरावासाठी प्रतिस्पर्ध्याचे डावपेच जाड मार्करने कार्डांवर काढायचे, म्हणजे राखीव पोरं ते बघून आपल्यासमोर तसेच उभे राहतील. रविवारी दुपारी बसलं की सोमवारी पहाटे उठायचं. हे रडगाणं नाही. खेळ मी त्याच खुर्चीत शिकलो. आणि माझा पायही तिथेच घसरला.

आता जरा सावकाश वाचा, कारण इथेच घोडं पेंड खातं.

मैदान १६० फूट रुंद असतं. एनएफएलमध्ये दोन हॅशच्या ओळींत फक्त साडेअठरा फूट अंतर असतं, त्यामुळे चेंडू कुठेही ठेवला तरी जवळजवळ मध्यावरच असतो. कॉलेजात हेच अंतर ४० फूट आहे. म्हणजे चेंडू एका हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट जागा उरते आणि दुसऱ्या बाजूला १००. अरुंद बाजू ती बाउंडरी, रुंद बाजू ती फील्ड. कॉलेजचा डिफेन्स डावं-उजवं असा विचारच करत नाही, तो बाउंडरी-फील्ड असा करतो. कोणता सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, कुठे उभा राहील, ब्लिट्झ कुठून येईल, सगळं त्यावर ठरतं. मी खेळ शिकलो रविवारच्या एनएफएलवर आणि व्हिडिओ गेमवर. मला १०० फूट काय चीज आहे याचा अंदाजच नव्हता.

जीए म्हणून माझा पहिला ऑक्टोबर. तक्ता भरताना हॅशचा रकाना मी बाजूच्या कॅमेऱ्यावरून भरत होतो, कारण तिथे सगळं मैदान दिसतं. चेंडू कॅमेऱ्याच्या जवळच्या हॅशवर असला की 'उजवा', लांबच्या हॅशवर असला की 'डावा'. पहिल्या क्वार्टरमध्ये ते बरोबरच होतं. ऑफेन्स पडद्यावर डावीकडून उजवीकडे चाललेला असला की त्याचा उजवा हात कॅमेऱ्याकडे येतो. पण दर क्वार्टरला संघ टोकं बदलतात! दुसऱ्या क्वार्टरमध्ये ऑफेन्स उजवीकडून डावीकडे चालतो आणि आता कॅमेऱ्याजवळचा हॅश हा त्याचा डावा हॅश असतो. मी 'उजवा' लिहीतच राहिलो.

बरं, सगळंच पडद्यावरून लिहिलं असतं तरी निभावलं असतं, चूक चुकीला जुळली असती. पण ब्लिट्झची बाजू मी एंड झोनमागच्या कॅमेऱ्यावरून भरत होतो. तिथे क्वार्टरबॅकची पाठ दिसते की तोंड, हे बघून डावं-उजवं काळजीपूर्वक लावत होतो. म्हणजे ब्लिट्झ ऑफेन्सच्या नजरेतून आणि हॅश कॅमेऱ्याच्या नजरेतून. अर्ध्या सामन्यात दोन्ही जुळायचे, अर्ध्यात उलटे पडायचे. चार सामन्यांत त्या संघाने कॉर्नरबॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, बावीस वेळा ब्लिट्झला पाठवलं होतं, त्यातले वीस बाउंडरीकडून. माझ्या अहवालात काय आलं? बाउंडरी अकरा, फील्ड अकरा. खाली मी स्वतःच्या अकलेने एक ओळही टाकली होती: 'बाजूचा कल नाही.'

चुकीच्या आकड्यापेक्षा असा सपाट आकडा वाईट. नव्वद टक्के चुकीच्या बाजूला आले असते तर कुणीतरी म्हणालं असतं, अरे थांब, हे काही दिसतं तसं नाही. पन्नास-पन्नासवर कुणी बोट ठेवत नाही. आमच्या कोऑर्डिनेटरने ते वाचलं आणि थर्ड डाउनला पाच लाइनमनचं प्रोटेक्शन, म्हणजे क्वार्टरबॅकसमोरची ढाल, नेहमीसारखं फील्डकडे सरकवायचं ठरवलं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये थर्ड अँड एट, म्हणजे तिसरा प्रयत्न आणि आठ यार्ड बाकी, चेंडू डाव्या हॅशवर. बाउंडरीचा कॉर्नर अंधाऱ्या गल्लीतून यावा तसा आला. आमच्या रनिंग बॅकची नजर आतल्या लाइनबॅकरवर होती, आणि ती तिथेच असायला हवी होती, त्याला आम्ही तेच शिकवलं होतं. चेंडू सुटला, त्यांनी उचलला. आमचा क्वार्टरबॅक खांदा धरून बसला, पुढचे दोन सामने बाहेर.

रविवारी मी सगळे स्नॅप पुन्हा मोजले आणि चूक सापडली. तोवर ती दुसऱ्या कुणाला सापडली नव्हती. गप्प बसता आलं असतं. मी सांगितलं. कोऑर्डिनेटर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "तक्ता भरून झाला की दर क्वार्टरचे दोन स्नॅप माझ्यासमोर वाचून दाखवायचे." संपूर्ण हंगाम वाचून दाखवले. अपमान वाटायचा. आता माझ्या हाताखालच्या मुलांकडून मी तेच करून घेतो. शिवाय पहिल्या दिवशी त्यांना हॅशवर उभं करून दोन्ही बाजूंना चालायला लावतो, पावलं मोजत. तुम्हीही हे करा. कुठलंही कॉलेजचं मैदान चालेल.

घाबरून जाऊ नका. अशी एक चूक प्रत्येकाच्या खात्यावर असते, आणि जो नाही म्हणतो तो एकतर खोटं बोलतो किंवा त्याने मोजलेलं नसतं.

आता माझी काही मतं. पटली नाहीत तर सोडून द्या.

सगळ्यांना क्वार्टरबॅक शिकवायचे असतात. लाइनच्या खोलीत जा. तिथे गर्दी नसते, आणि पासचं प्रत्येक झाड प्रोटेक्शनच्या मुळावर उभं असतं. समोरून सहा येणार असतील आणि आपण पाचच अडवू शकत असू, तर सहाव्याचं उत्तर क्वार्टरबॅकच्या हातात लागतं: चेंडू लगेच कुणाला द्यायचा. हे गणित ज्याला तोंडपाठ आहे त्याच्या रेखाटनाला किंमत. बाकीचे नुसते बाण काढत असतात. जाडजूड प्लेबुकांच्या फाइली गोळा करणारी मुलं मला दर वर्षी भेटतात, हार्ड डिस्कवर चारशे पुस्तकं, आणि एकाही डावात सेंटर, म्हणजे लाइनच्या मधला खेळाडू, काय ओरडतो ते सांगता येत नाही. वॉल्शने सुरुवातीचे पंचवीस डाव आधी लिहून ठेवायची पद्धत रूढ केली, ती सगळे सांगतात. पण ती यादी लिहिण्यामागे शांत डोक्याने निर्णय घ्यायचा हेतू होता, हे कुणी सांगत नाही. शनिवारी दोन डावांमधल्या चाळीस सेकंदांच्या घड्याळात कुणाचं डोकं शांत नसतं.

त्या चाळीस सेकंदांबद्दलही बोलायला हवं. स्टेडियमच्या वरच्या बॉक्समध्ये काचेमागे बसून डाव सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असं मला वाटायचं. तसं नाही. वरून कव्हरेज दिसतं, खाली पोराचा चेहरा दिसतो, आणि दोन्ही लागतात. कोच पॉल ब्राउन आमच्या ओहायोचाच. त्याने १९५६ मध्ये क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवला, तर लीगने बंदी घातली. १९९४ मध्ये एनएफएलने तोच अधिकृत केला, कॉलेजांच्या वरच्या थरात तो २०२४ मध्ये आला. आमच्यासारख्या छोट्या कॉलेजात अजून हातवारे आणि मनगटावरची पट्टी. माझं मत, शिकायला हेच बरं. डाव तीन खुणांत सांगता येत नसेल तर तो तुमच्याच डोक्यात स्पष्ट नसतो.

गुरूबद्दल. मोठ्या नावाच्या मागे धावू नका. मी एका नामांकित कोचच्या शिबिरात तीन उन्हाळे राबलो, त्याला माझं नाव शेवटपर्यंत सांगता आलं नाही. मला घडवलं ते वर सांगितलेल्या कोऑर्डिनेटरने, ज्याच्याबद्दल कधी कुठे छापून आलं नाही. परीक्षा सोपी आहे: तो तुम्हाला कॉफी आणायला पाठवतो का, हे बघू नका, सगळेच पाठवतात. कॉफी घेऊन परत आलात की मीटिंगचं दार उघडं असतं का, ते बघा. जानेवारीतल्या कोचेस असोसिएशनच्या अधिवेशनालाही एकदा जा. तिथल्या लॉबीत दिसेल त्याच्या हातात बायोडेटा कोंबणारे शेकड्यांनी असतात. त्यात तुम्ही नको. सकाळच्या व्याख्यानांना बसा, एक नेमका प्रश्न तयार ठेवा, आणि व्याख्यान संपल्यावर तोच विचारा.

पैशांचं आणि बिऱ्हाडाचं थोडक्यात, कारण ते लिहिताना मला त्रास होतो. हेड कोचला काढलं की बहुतेक वेळा त्याच्याबरोबर आम्हा सगळ्यांचं बिऱ्हाड उठतं. तुमचं काम चांगलं असलं तरी. माझ्यावर हे दोनदा आलं. दुसऱ्या वेळी भाड्याचा करार चार महिने शिल्लक होता आणि मी बहिणीच्या गाडीत टीव्ही, गादी आणि मार्करचे दोन खोके भरून निघालो. लग्न ठरत असेल तर समोरच्या घराला हे आधी सांगा, लपवू नका. शिकवण्याचं प्रमाणपत्र जमलं तर काढून ठेवा. शाळेत गणित शिकवून संध्याकाळी कोचिंग करणारे इथे खूप आहेत, आणि त्यांची मुलं त्यांना ओळखतात.

आता कुठून सुरू करायचं ते. हंगाम संपल्यावर, फेब्रुवारीत, तुमच्या दीड-दोन तासांच्या परिघातल्या छोट्या कॉलेजांच्या ऑफेन्स कोऑर्डिनेटरना ई-मेल करा. हेड कोचला नको, तो वाचत नाही. चार ओळी पुरे. 'मला लहानपणापासून या खेळाचं वेड आहे' हे वाक्य गाळा, वेड सगळ्यांनाच असतं. त्याऐवजी त्यांच्या मागच्या हंगामातला एक सामना घ्या, त्यांच्या ऑफेन्सचे सगळे स्नॅप तक्त्यात भरा, हॅशसकट, आणि तो तक्ता जोडा. उत्तर आलं नाही तर मार्चमध्ये पुन्हा लिहा. मी पहिल्या वर्षी सत्तावीस जणांना लिहिलं होतं. दोन उत्तरं आली, त्यातलं एक नकाराचं.