जुन्या लष्करी निशाणाची ओळख पटवताना या चुका टाळा

पलटणीचे जुने निशाण समोर आले की त्यावरील लढाईचे नाव वाचून काळ ठरवण्याचा मोह होतो, आणि बहुतेक घोटाळे तेथेच सुरू होतात. ब्लेनहाइमची लढाई १७०४ सालची. परंतु ते नाव निशाणावर मिरवण्याचा मान ब्रिटिश पलटणींना १८८२ मध्ये मिळाला. म्हणून सर्वांत जुनी नव्हे, तर सर्वांत अलीकडची खूण शोधावी, कारण त्या खुणेच्या आधी निशाण आजच्या रूपात सिद्ध झालेले असू शकत नाही. एखादे नाव मागाहून भरले गेले असल्याची शंका आली, तर त्याचा धागा व टाके शेजारच्या नावांशी ताडून पाहावेत.

क्रमांकही असाच फसवतो. ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यातील १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री १९२२ च्या पुनर्रचनेत ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली. त्यामुळे दोन निराळे आकडे दिसले म्हणून पलटणीही दोन, असे मानू नये.

निशाणावरील राजमुकुटाच्या आकाराला मात्र लोक गरजेपेक्षा अधिक वजन देतात. घुमटासारख्या कमानींचा ट्यूडर मुकुट १९०१ नंतर रूढ झाला आणि मध्यभागी खोलगट कमानींचा सेंट एडवर्ड मुकुट राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या काळात आला, हे खरे. पण व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मुकुटाच्या कमानीही खोलगट काढल्या जात आणि तिसऱ्या चार्ल्सने पुन्हा ट्यूडर धर्तीचा मुकुट स्वीकारला आहे. एकट्या मुकुटावर निर्णय देऊ नये.

जुन्या ‘रायफल ब्रिगेड’चे रणनिशाण म्हणून कोणी काही दाखवले, तर सावध व्हावे: ब्रिटिश रायफल पलटणी अशी निशाणे बाळगत नसत, त्यांचे रणसन्मान, म्हणजे मानाने मिळालेली लढायांची नावे, टोपीच्या बिल्ल्यावर असत.

अक्षरे लागत नसतील तर रेशीम ओले करून किंवा इस्त्री फिरवून ते उजळवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. जीर्ण रेशीम घडीवर तडकते आणि रंगवलेले चिन्ह पाण्याने उतरू शकते. त्याऐवजी कापड सपाट ठेवून बाजूने तिरपा प्रकाश टाकावा व छायाचित्र घ्यावे. भरतकामाचा धागा गळून गेला असला तरी सुईची छिद्रे उरतात, आणि त्यांच्या ओळींतून हरवलेला आकडा पुष्कळदा वाचता येतो.