विमान रद्द झालं तर? सोलापूरकरांनी तिकिटाचे आणि प्रवासखर्चाचे पैसे परत कसे मिळवायचे

गाडीने टेंभुर्णी ओलांडली आणि भावाच्या मोबाइलवर मेसेज आला. रात्रीचे ११ वाजून ३२ मिनिटं झाली होती. पुण्याहून पहाटे सुटणारं दिल्लीचं विमान रद्द. मागच्या सीटवर आई-बाबा, मांडीवर शेंगाचटणी-भाकरीचा डबा. भाऊ घाबरला, त्याने अॅप उघडलं आणि ‘कॅन्सल बुकिंग’ दाबून टाकलं. पैसे परत मिळतील असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द केलं अशी नोंद झाली आणि चार तिकिटांचे निम्म्याहून जास्त पैसे कापले गेले. ते परत मिळवायला आम्हाला दोन महिने पत्रव्यवहार करावा लागला. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: विमान कंपनीने रद्द केलं असेल, तर साधं ‘कॅन्सल’ बटण दाबू नका. मेसेजमध्ये किंवा कंपनीच्या वेबसाइटवर रद्द झालेल्या विमानासाठी रिफंड किंवा दुसरं विमान निवडायची वेगळी लिंक असते, तीच वापरा. लिंक उघडत नसेल तर कस्टमर केअरला फोन करा, पण तिकिटाला हात लावू नका.

पहिल्या दहा मिनिटांत

मेसेजचा स्क्रीनशॉट काढा, त्यात तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. विमानतळावर पोहोचला असाल तर डिस्प्ले बोर्डाचा फोटो काढा, आणि त्यात फक्त तुमचं विमान नको, आजूबाजूची विमानंही येऊ द्या. कंपनीने पुढे ‘खराब हवामान’ असं कारण दिलं आणि त्याच वेळी त्याच शहराकडे दुसऱ्या कंपन्यांची विमानं सुटली असतील, तर हा फोटो फार उपयोगी पडतो. काउंटरवर विमान का रद्द झालं ते विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. विमान रद्द झाल्याचं प्रमाणपत्रही मागून घ्या. ऑफिसच्या एलटीसीला, म्हणजे रजेतल्या प्रवासखर्चाच्या सवलतीला, आणि विम्याच्या क्लेमला तेच लागतं.

मग ठरवा: दुसरं विमान हवं की पैसे? डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या नियमांप्रमाणे ही निवड प्रवाशाची असते. होटगी रोडवरच्या सोलापूर विमानतळावरून गोव्याला किंवा मुंबईला जाणाऱ्यांनी हा विचार जरा वेगळा करावा. आपल्याकडे २०२५ मध्ये ९ जूनला गोव्याची आणि १५ ऑक्टोबरला मुंबईची विमानसेवा सुरू झाली, पण फेऱ्या मोजक्याच आहेत. पुण्या-मुंबईसारखं दोन तासांनी दुसरं विमान मिळेल, अशी आशा इथे धरता येत नाही. मुंबईला जायचंच असेल तर बहुतेक वेळा पूर्ण रिफंड मागावा आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं किंवा सकाळच्या वंदे भारतचं तिकीट बघावं. काउंटरवर तासभर वाद घालत बसलात तर तेवढ्यात गाडीच्या जागाही भरून जातात.

तीन वेगवेगळे हक्क

लोक इथेच गोंधळतात. तिकिटाचे पैसे, नुकसानभरपाई आणि तुमचा वरखर्च या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही वेगवेगळ्या मागाव्या लागतात.

तिकिटाचे पैसे पूर्ण परत मिळायला हवेत, मग तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी, कारण रद्द कंपनीने केलं आहे. कार्डाने पैसे भरले असतील तर नियमाप्रमाणे सात दिवसांत रिफंड व्हायला हवा. एजंटकडून किंवा बुकिंग वेबसाइटवरून तिकीट काढलं असेल तर जास्त दिवस लागतात, पण जबाबदारी विमान कंपनीचीच राहते, कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी असतो. “एजंटला विचारा” हे उत्तर मान्य करू नका. वेबसाइटची कन्व्हीनियन्स फी मात्र बऱ्याचदा परत येत नाही. काही कंपन्या रोख पैशांऐवजी पुढच्या प्रवासासाठी क्रेडिट देऊ करतात. ते घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. वर्षातून एकदा विमानाने जाणाऱ्या घराला त्याचा काय उपयोग? खात्यातच पैसे मागा.

नुकसानभरपाई सगळ्यांना मिळत नाही. विमान सुटायला २४ तासांहून कमी वेळ उरलेला असताना कळवलं, किंवा कळवलंच नाही, तर ती मागता येते. विमानप्रवासाला लागणारा ठरलेला वेळ एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तास असेल तर ७,५०० आणि दोन तासांपेक्षा जास्त असेल तर १०,००० रुपये. यात एक मेख आहे. ही रक्कम किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल तेवढंच मिळतं. पूर, दंगल, संप, खराब हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण अशी कारणं कंपनीच्या हाताबाहेरची धरली जातात आणि तेव्हा भरपाई मिळत नाही. रिफंड मात्र तेव्हाही मिळतो. धुक्यामुळे विमान गेलं नाही म्हणून पैसे बुडाले, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणखी एक अट आहे. प्रवाशाने संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नसेल तर भरपाईचा हक्क जातो. आपल्याकडे ओळखीचा एजंट तिकीट काढतो आणि बुकिंगमध्ये स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. मेसेज त्याच्याकडे जातो, तो रात्री झोपलेला असतो, आणि तुम्ही पहाटे विमानतळावर उभे. कंपनी म्हणते, आम्ही वेळेत कळवलं होतं. त्यामुळे तिकीट हातात आलं की त्याच दिवशी कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर टाकून आपला नंबर आणि ईमेल घालून घ्या. घरातल्या वयस्कर माणसांचं तिकीट असेल तर मुलाचा किंवा सुनेचा नंबर द्या.

विमानतळावर थांबावं लागलं तर जेवणखाण आणि गरज पडेल तिथे हॉटेल देणं हेही कंपनीचंच काम आहे. मागितल्याशिवाय बऱ्याचदा देत नाहीत. नकार मिळाला तर स्वतः खर्च करा आणि बिल जपून ठेवा.

वरखर्च: सोलापूरकरांचं खरं दुखणं

पुण्यात राहणाऱ्याचं विमान रद्द झालं तर त्याचं रिक्षाभाडं वाया जातं. आपण मात्र पुण्याचं विमानतळ गाठायला अडीचशे किलोमीटर आणि हैदराबादला जायला तीनशेहून जास्त किलोमीटर जातो. गाडीचं भाडं, टोल, रात्रीचं लॉज, परतीचा डिझेलखर्च हे सगळं मिळून कधीकधी तिकिटाच्याही वर जातं. डीजीसीएच्या नियमांत या खर्चाचा वेगळा तक्ता नाही, म्हणून कंपनी पहिल्यांदा नाहीच म्हणते. पण हा खर्च ग्राहक आयोगात मागता येतो, प्रवास विम्यात तशी तरतूद असेल तर विमा कंपनीकडेही.

२०२१ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर आलेलं एक प्रकरण इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. रेल्वे चार तास उशिरा जम्मूला पोहोचली, कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं आणि त्यांना टॅक्सी करून जावं लागलं. उशिराचं पटण्यासारखं कारण रेल्वेला देता आलं नाही, आणि कोर्टाने टॅक्सीचे १५,००० रुपये, बुकिंगचे १०,००० रुपये, शिवाय मनस्ताप आणि दाव्याच्या खर्चासाठी प्रत्येकी ५,००० रुपये देण्याचा आदेश कायम ठेवला. तिथे जबाबदार रेल्वे होती, पण वरखर्चही मागता येतो हे यातून दिसतं.

मागायचं असेल तर पुरावा लागतो. भाड्याच्या गाडीचा चालक बहुतेक वेळा पावती देत नाही. त्याच्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या: गाडीचा नंबर, तारीख, सोलापूर ते पुणे विमानतळ जाऊन-येऊन, रक्कम, नाव, सही. भाडं रोख न देता यूपीआयने द्या. टोलची नोंद फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये आपोआप मिळते. लॉजचं बिल प्रवाशाच्या नावावर करून घ्या. हे सगळं त्याच रात्री एका पाकिटात घाला आणि वर पीएनआर लिहा. आठवड्याने शोधायला बसलात की डिझेलची पावती कोरी झालेली असते, तिची शाई उडते. म्हणून फोटोही काढून ठेवा.

पुढे जोडून रेल्वेचं तिकीट काढलं असेल तर ते लगेच रद्द करा. जेवढा उशीर कराल तेवढी कपात वाढते आणि हा भुर्दंड टाळणं आपल्याच हातात असतं.

पत्र कसं लिहायचं

कंपनीच्या वेबसाइटवर नोडल अधिकाऱ्याचा, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याचा ईमेल असतो, त्यावर लिहा. राग बाजूला ठेवा, आकडे लिहा. आमचं पत्र साधारण असं होतं:

“पीएनआर अमुक. पुणे ते दिल्ली, सुटण्याची वेळ पहाटे ५.४०. विमान रद्द झाल्याचा तुमचा मेसेज आदल्या रात्री ११.३२ वाजता आला (स्क्रीनशॉट जोडला आहे). आम्ही ११.४० वाजता अॅपवर बुकिंग बंद केलं, म्हणजे विमान तुम्ही आधीच रद्द केलेलं होतं. त्यामुळे कॅन्सलेशन चार्ज लागू होत नाही. मागणी: १) चारही तिकिटांचे पूर्ण पैसे, २) सहा तास आधी कळवल्याबद्दल नियमाप्रमाणे भरपाई, ३) गाडीभाडं आणि टोल, पावत्या जोडल्या आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं.”

त्या आठ मिनिटांच्या फरकानेच आम्हाला तारलं. तिकिटांचे पूर्ण पैसे आणि भरपाई मिळाली. गाडीभाडं दिलं नाही.

उत्तर आलं नाही तर

नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर किंवा अॅपवर तक्रार टाका. पीएनआर, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार आणि पावत्या जोडा. कंपनीला तिथे उत्तर द्यावं लागतं. त्याच्या जोडीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करता येते.

तिथेही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे तुम्ही जिथे राहता तिथल्याच आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो की बेंगळुरूला, तुम्ही सोलापुरातच दाद मागा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते.

मुंबईहून पुढे परदेशी जाणाऱ्यांसाठी एवढं सांगते. सोलापूर-मुंबई एका कंपनीचं आणि मुंबई-दुबई दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन वेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान रद्द झालं, तर दुसरी कंपनी तुम्हाला गैरहजर धरते. अशा वेळी दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर मिळतात का ते आधी बघा, नाहीतर एक दिवस अगोदर मुंबई गाठा. दुसरं तिकीट बुडालंच तरी भारतातल्या नियमाप्रमाणे त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागता येतं, अगदी मूळ भाडं परत न मिळणाऱ्या तिकिटावरही. त्यासाठी वेगळा अर्ज करा.