शेतावर पाहुणे बोलावताय? या चुका टाळा

हुरड्याचा हंगाम आला की आमच्या रस्त्याला पाट्या लागतात: 'हुरडा, बैलगाडी, शाळांच्या सहलींना सवलत'. फाटकावर आणखी एक पाटी असते: 'अपघात झाल्यास मालक जबाबदार नाही'. पहिली चूक तिथेच होते.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात 2005 चा कृषी पर्यटनाचा कायदा आहे. ठरलेला इशारा किमान एक इंच उंचीच्या काळ्या अक्षरांत लावला, तर शेतीत मुळातच असलेल्या धोक्यांपुरतं मालकाला संरक्षण मिळतं; निष्काळजीपणा केला तर तिथेही नाही. आपल्या पाटीमागे असा कायदाच नाही. उलट पैसे घेतले की पाहुणा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक होतो. बिनकठड्याच्या विहिरीत मूल पडलं, तर पाटी दाखवून सुटका नाही. मुलांच्या सह्या घेऊन ठेवणारेही आहेत. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचा करार कायद्याने करारच नव्हे! पालकांचं पत्र मात्र घ्याच. कुणाला मधमाशी चावलेली चालत नाही, हे त्यातूनच कळतं.

त्यापेक्षा सहलीच्या आदल्या दिवशी शेतात लहान मुलाच्या उंचीने फिरा. मोटारीची उघडी वायर, गोठ्यात खालच्या फळीवर ठेवलेला फवारणीचा डबा, हुरड्याची आगटी. वरून राख दिसते, आत निखारे असतात, आणि पोरं चपला काढून पळत असतात.

ट्रॉलीत मुलं बसवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा असतो, प्रवाशांचा नाही. अपघातानंतर कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. विमा काढतानाही नीट बघा. 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्यातली पॉलिसी घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. तुम्हाला पाहुण्यांच्या इजेचा विमा हवा, आणि पॉलिसीत 'शेतावरील पर्यटन, सहली' असं लिहून घ्या.

विक्रीत मात्र आपले लोक उगाच घाबरतात. राज्याच्या 1963 च्या बाजार समिती कायद्यातच, घरी खायला नेणाऱ्या ग्राहकाला केलेल्या विक्रीला सूट आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याच्या कलम 18 नेही शेतकरी आणि त्याच्या शेतातलं पीक बाहेर ठेवलंय. पेरू विका, कांदा विका. पण पिठलं-भाकरीचं ताट लावलं, लोणच्याच्या बरण्या मांडल्या, की तो अन्नव्यवसाय झाला, नोंदणी लागते. आयकराचंही तसंच: मालाचे पैसे शेतीचं उत्पन्न, प्रवेश फी नाही. पावतीपुस्तकं दोन ठेवा.

खोल्या बांधायच्या असतील तर 'शेतघर आहे' म्हणून भागत नाही. जमीन महसूल संहितेतल्या शेतघरात अवजारं, धान्य, जनावरं, घरची माणसं, गडी बसतात. पैसे देऊन राहणारे पाहुणे बसत नाहीत. राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. कागद जमवण्याआधी सातबारा काढून बघा. चुलत्यांची नावं अजून त्यावर असतील, तर आधी त्यांच्याकडे चहाला जा आणि संमती लेखी आणा. तोंडी 'हो' पहिल्या गर्दीच्या रविवारपर्यंतच टिकतं.